विंगेतले अण्णा

ज्या माणसाचा आवाज प्रेक्षकांपर्यंत कधीच पोहोचू नये, असाच ज्याच्या कामाचा संकेत होता, त्याच्याविषयी लिहायला मी बसले आहे. लिहिण्याची मला सवय नाही. शिक्षण साताऱ्यात झाले, नंतर सांगलीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभी हयात इतरांनी लिहिलेली पुस्तके सांभाळली. निवृत्तीनंतर आपणही चार ओळी लिहून पाहाव्यात असे वाटू लागले, तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते गणपतराव सूर्यवंशी. उभे राहिले म्हणजे विंगेत उभे राहत तसेच: पाठ किंचित वाकलेली, उजव्या हातात नाटकाची वही, आणि नजर रंगमंचावरच्या पात्राच्या गळ्यावर.

सांगलीजवळच्या माधवनगरच्या एका कापड गिरणीत ते टाइमकीपर होते. गिरणीतल्या हौशी मंडळींचे एक नाट्यमंडळ होते आणि त्या मंडळाचे प्रॉम्प्टर म्हणजे अण्णा. त्यांना सारेच अण्णा म्हणत. मी त्या मंडळात शिरले ती केवळ माझ्याकडे चांगला टेपरेकॉर्डर होता म्हणून. पार्श्वसंगीताच्या कॅसेटी वेळेवर लावणे आणि वेळेवर थांबवणे एवढेच माझे काम. रंगमंचावर जाण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. विंगेतला अंधार मला मानवत असे, आणि त्या अंधारात माझ्या शेजारी वर्षानुवर्षे अण्णा असत.

प्रॉम्प्टर म्हणजे वही पाहून वाक्ये पुरवणारा माणूस, अशी माझीही सुरुवातीला समजूत होती. अण्णा वहीकडे क्वचितच पाहत. "वहीत बगून काय कळतंय, बाई?" ते एकदा म्हणाले. "इसरलेला माणूस आदी आवंढा गिळतो. आवंढा दिसला की शब्द द्यायचा. त्याच्या आदी दिला तर त्याचा अपमान, मागनं दिला तर नाटकाचा." शब्द देताना ते कधीही पूर्ण वाक्य देत नसत. दोन अक्षरे, फार तर तीन. बाकीचे वाक्य त्या माणसाचे त्याने आठवावे, असा त्यांचा आग्रह असे. तालमींमध्ये ते वहीत शिसपेन्सिलीने बारीक वर्तुळे करत. मला वाटे, नट जिथे अडखळला तिथे ही खूण असावी. तसे नव्हते. नट जिथे पुढे कधीतरी अडखळेल असे त्यांना वाटे, तिथे ते वर्तुळ काढत. बहुतेक वर्तुळे खरी ठरत.

आमचा नायक दिनकर जाधव. मागावर काम करणारा, उंचापुरा, देखणा आणि पाठांतराला अतिशय कच्चा. एका प्रयोगात वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकल्यावर तो बोलायचा थांबला तो थांबलाच. क्षण लांबत चालला. मी कासावीस होऊन अण्णांकडे पाहिले. ओठ मिटून ते दिनकरकडे टक लावून उभे होते. मग दिनकरने मान वर करून आपले वाक्य म्हटले आणि टाळ्या झाल्या. अंक संपल्यावर मी विचारले, "अण्णा, तुम्ही शब्द का दिला नाहीत?"

"त्यो इसरला न्हवता," ते म्हणाले. "त्यो खरंच रडत हुता. रडणाऱ्याला काय शब्द द्यायचा?"

अण्णांच्या आजाराची चाहूल मला प्रथम कानांनी लागली, आणि मी ती ओळखली नाही. नव्वद सालानंतरच्या एखाद-दोन वर्षांतली गोष्ट असेल. तालमीत शांत प्रसंग चालू असताना मला बारीक खरखर ऐकू येऊ लागली. कॅसेट जुनी झाली असेल म्हणून मी ती बदलली. टेपरेकॉर्डरचे हेड दोनदा स्पिरिटने पुसले. तरी खरखर होतीच. शेवटी एके दिवशी कॅसेट बंद असतानाही ती ऐकू आली आणि मी वळून पाहिले. अण्णांच्या उजव्या हातातली वही हलत होती. पानांना पाने घासत होती.

त्यांनी माझी नजर टिपली. "वारं लय सुटलंय," ते म्हणाले. पंखा बंद होता.

पुढे कंपवाताचे निदान झाले. वही हातात धरणे सोडून ते ती एका उंच स्टुलावर ठेवू लागले. चेहरा हळूहळू स्थिर होत गेला. हसू आले तरी गालांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागे. मंडळात नव्याने आलेल्यांना वाटे, हे गृहस्थ आपल्यावर रागावले आहेत. गोळ्यांनी दोन-अडीच तास बरे जात, मग अंग पुन्हा आखडे. त्यामुळे त्यांनी गोळ्या अंकांना बांधून घेतल्या होत्या: एक पहिल्या अंकाची, एक मध्यंतराची. दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत आणि उंबरा ओलांडता येत नसे. अशा वेळी त्यांच्या पत्नी शालनवहिनी शेजारी उभ्या राहून हलक्या आवाजात "एक" म्हणत. केवळ "एक". त्यासरशी त्यांचा पाय उचलला जाई आणि पुढची पावले आपोआप पडत.

"बगा बाई," अण्णा मला म्हणाले, "माझा प्रॉम्प्टर. ही पण समदं वाक्य देत न्हाई."

"आवं, द्यायला काय," वहिनी म्हणाल्या, "पण मी धापर्यंत मोजलं तर तुमी पार नाक्यापातूर चालत जाशीला."

त्यांचा मुलगा सैन्याच्या रुग्णालयात नोकरीला होता. मेंदूत बारीक तार बसवून तिला विजेचा अगदी हलका प्रवाह देत राहण्याचा नवा उपचार आपल्याकडेही सुरू झाल्याचे त्याला तिथल्या एका डॉक्टरांकडून कळले, आणि दशक संपायला आले असताना अण्णा शस्त्रक्रियेसाठी मुंबईला गेले. खर्चाचे काय व कसे झाले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. शस्त्रक्रियेची हकीकत मात्र त्यांनी परत आल्यावर इतक्यांदा आणि इतक्या चवीने सांगितली की आम्हा साऱ्यांना ती पाठ झाली.

या शस्त्रक्रियेत रुग्णाला जागे ठेवतात. डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवलेली, कवटीला डाव्या बाजूस छिद्र पाडलेले, आणि डॉक्टर सांगत होते, "हात वर करा, बोटे उघडा-मिटा, काहीतरी बोलत राहा." काहीतरी म्हणजे काय बोलायचे? अण्णांनी आमच्या त्या वर्षीच्या नाटकाचा पहिला अंक सुरू केला. सगळ्या पात्रांची वाक्ये, आपापल्या ठिकाणच्या विरामांसह. डॉक्टर तार पुढेमागे करत होते, प्रवाह वाढवून पाहत होते. एका क्षणी हाताचा कंप नळ बंद करावा तसा थांबला. अण्णांना रडू आले, पण त्यांनी अंक चालू ठेवला. मग प्रवाह आणखी वाढवला आणि दिनकरच्या वाक्याच्या मध्यावर त्यांची जीभच जड झाली. शब्द डोक्यात लख्ख होता, तोंडातून येईना.

"आयुष्यात पैल्यांदा माझा शब्द अडला," ते सांगत, "आन् तितं एवढी मोठी मोठी डाक्टर मंडळी, पर एकालाबी पुढचं वाक्य ठावं न्हवतं!"

डॉक्टरांनी प्रवाह ताबडतोब कमी केला आणि अण्णांनी अंक पूर्ण केला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडे मोठे असे यंत्र बसवण्यात आले. ते बंद-चालू करण्यासाठी एक लोहचुंबक मिळाला होता. तो यंत्रावरून फिरवला की प्रवाह थांबे, पुन्हा फिरवला की सुरू होई. हा लोहचुंबक वहिनींनी आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवला आणि कुणाच्याही हाती दिला नाही.

परत आल्यावर अण्णांनी आम्हा सर्वांना घरी चहाला बोलावले. चहा कपातून बशीत ओतला, बशीतून पुन्हा कपात, पुन्हा बशीत. एक थेंब सांडला नाही. आम्ही आठ-दहा जण श्वास रोखून ते पाहत होतो. यंत्र चालू करताना हाताला मुंग्या येत, डावा हात अजून थोडा हले, आणि भूक इतकी वाढली होती की सदऱ्याची बटणे लागेनाशी झाली होती. हे सारे अण्णा कौतुकाने सांगत होते. निदान आम्हाला तसे वाटत होते. कारण त्यांच्या बोलण्यातले निम्मे आम्हाला कळत नव्हते. शब्द एकमेकांत मिसळून, ओल्या पाटीवर लिहिल्यासारखे पुसट येत होते. मघाशी शस्त्रक्रियेच्या हकिकतीत मी त्यांच्या तोंडची म्हणून जी वाक्ये दिली, ती आम्हाला वहिनींनी पुन्हा सांगितली तेव्हा कळली. यंत्राने हात दिला होता आणि बोलण्यातला काही भाग आपल्याकडे ठेवून घेतला होता.

खरी अडचण तालमीत उभी राहिली. दिनकरने आवंढा गिळला, अण्णांनी नेमक्या क्षणी शब्द दिला, आणि दिनकर विंगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काय?" सगळे हसले. दुसऱ्यांदा तेच झाले. तिसऱ्यांदा कुणी हसले नाही. अण्णांनी वही मिटली, स्टूल उचलले आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन बसले. चेहरा त्यांचा आता पुष्कळ मोकळा झाला होता, आणि त्यामुळेच त्या दिवशी तो पाहवेना. शरीर परत मिळाले होते आणि ज्या एका कामासाठी ते हवे होते, नेमके तेच काम हातचे निसटत होते.

यानंतर जे घडले त्यात माझा दोष आहे. माझ्याकडे एक जुना, मोठा स्पीकर होता. त्याच्या लाकडी पेटीची मागची फळी निघाली होती आणि आतला गोल, जाड लोहचुंबक उघडा पडला होता. ती पेटी मी विंगेत एका टेबलावर ठेवत असे. एका संध्याकाळी अण्णा सवयीने तिथे येऊन उभे राहिले आणि नीट दिसावे म्हणून डावी छाती पेटीच्या पाठीला टेकवून पुढे झुकले. रंगमंचावर दिनकर अडला. आणि अण्णांचा शब्द आला: स्वच्छ, धारदार, पूर्वीसारखा. दिनकरने वाक्य उचलले. अंक संपेपर्यंत असे चार वेळा झाले. "अण्णा, गळा सुटला की!" दिनकर धावत येऊन म्हणाला. आम्ही आनंदात होतो. मग मला ती ओळखीची खरखर ऐकू आली. अण्णांचा उजवा हात मांडीवर आपटत होता आणि बोटांत धरलेली वही थरथरत होती.

स्पीकरच्या लोहचुंबकाने यंत्र बंद केले होते. हे आम्हा दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आले. मी घाबरून पेटी दूर सरकवू लागले, तर त्यांनी डाव्या हाताने ती धरली.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ते अगदी स्पष्ट म्हणाले. "तुमची पेटी लय गुणाची हाय."

तालीम संपल्यावर ते पुन्हा एकदा पेटीला छाती लावत, यंत्र सुरू होई आणि ते घरी जात. महिनाभर हे चालले. "जरा टेकतो हं," असे ते म्हणत आणि मी टेपरेकॉर्डरकडे पाहत राही. नाही म्हणण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांचा तो आवाज मलाही हवासा वाटे. दिवसेंदिवस त्या दोन तासांत त्यांचे अंग अधिकाधिक आखडत होते, हे मला दिसत होते.

एके दिवशी शालनवहिनी डबा द्यायला म्हणून अचानक आल्या. अण्णा विंगेतून बाहेर जाण्याच्या दोन पायऱ्यांशी उभे होते. पाय उचलत नव्हता, हात हलत होता, कपाळावर घाम होता. वहिनींनी सवयीने "एक" म्हटले. पाऊल पडले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, मागची उघडी बाजू पाहिली. कमरेच्या पिशवीतला लोहचुंबक काढून त्यांनी अण्णांच्या छातीवरून फिरवला. थोड्या वेळाने हात शांत झाला.

"मुंबईला डोस्क्याला भोक पाडून घेतलंसा," त्या म्हणाल्या, "ते हितं येऊन बंद करायसाठी व्हय? आन् बाई, तुमी तर शिकल्याल्या."

मी पेटीची उघडी बाजू भिंतीकडे फिरवली.

दोघे मुंबईला जाऊन आले. तिथे काय झाले ते वहिनींनी मला नंतर सांगितले. त्यांनी मला क्षमा केली होती म्हणून सांगितले असे मी मानते. डॉक्टरांनी बाहेरून यंत्राचा प्रवाह कमी-जास्त करून पाहिला. कमी केला की शब्द सुटे होत आणि हातातल्या पेल्यातले पाणी सांडे. वाढवला की पाणी स्थिर आणि शब्द जाड. मधल्या पायऱ्याही करून पाहिल्या. डॉक्टरांनी सांगितले की मूळ आजार या यंत्राने जात नाही, तो फक्त आवरला जातो, आणि दोन्ही गोष्टी पुरेपूर मिळतील अशी जागा अण्णांच्या बाबतीत सापडत नाही. तेव्हा तुम्हाला अधिक काय हवे ते तुम्हीच सांगा.

"हे गप बसले," वहिनी म्हणाल्या. "लय वेळ. डाक्टर माझ्याकडं बगाय लागले. माझ्या तोंडात आलं हुतं. पर मी ह्यांच्या गळ्याकडं बगितलं. आवंढा गिळला न्हाई. म्हणलं, हे अडलेलं न्हाईत, इचार करत्यात. मग मीबी गप बसले."

शेवटी अण्णा म्हणाले ते असे: "हात ऱ्हाऊ द्या. शब्द देणारा दुसरा कोणबी मिळंल. हिनं मला आनी किती दिस अंथरुणातनं उठवायचं?"

ते परतले आणि वही सोपवायला तालमीला आले. पेटीला मी तोवर मागून जाड फळी ठोकून घेतली होती आणि ती दुसऱ्या विंगेत हलवली होती. वही कुणी घ्यावी असा प्रश्न निघाला. माझ्याकडे दोघा-तिघांनी पाहिले, आणि मी नेहमीप्रमाणे खाली पाहिले. मग दिनकरच बोलला. थट्टेच्या सुरात, पण डोळे पुसत.

"अण्णा, हात झ्याक झालाय न्हवं तुमचा? रोज बशीत च्या वतून दावताय. मग हातानंच सांगा की! मी काय आंधळा न्हाई."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. वही उघडली. पेन्सिलीच्या वर्तुळांपैकी पहिल्यावर बोट ठेवले, तिथले वाक्य वाचले आणि उजवा हात उचलून दाराची कडी काढल्याची खूण केली. दिनकरने लगेच वाक्य म्हटले: "दार उघडं ठेवून गेलात, बाबा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे तीन आठवडे प्रत्येक वर्तुळापाशी दोघे अडून बसत आणि खूण ठरवत. काही खुणांवर भांडणे झाली. सूनबाईच्या वाक्याला अण्णांनी लाटण्याची खूण सुचवली तेव्हा ते काम करणाऱ्या बाई रुसून बसल्या. शेवटी तिथे बांगड्या मागे सारल्याची खूण ठरली.

प्रयोग रविवारी दुपारी होता. मी समोरच्या विंगेत होते, त्यामुळे या खेपेला अण्णा मला प्रथमच समोरून दिसत होते. पहिल्या दोन अंकांत चार खुणा लागल्या आणि चारही पोहोचल्या. तिसऱ्या अंकात दिनकर अशा ठिकाणी अडला की जिथे वर्तुळच नव्हते. आवंढा मलाही दिसला. खूण ठरलेली नव्हती. अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांनी उजव्या हाताचा तळवा खोलगट केला, ओठांशी नेला आणि मान मागे टाकून पाणी प्यायले. हवेतले पाणी. एवढ्या सावकाश आणि एवढ्या तहानेने की माझ्याच घशाला कोरड पडली. "कोयनेचं पाणी प्यालेला माणूस आहे मी," दिनकर म्हणाला आणि नाटक पुढे सरकले. अण्णा मात्र आपला तळवा तसाच समोर धरून त्याच्याकडे पाहत राहिले होते.

पडदा पडला तेव्हा बाहेर अजून ऊन होते. मी वायरी गुंडाळून बाहेर आले, तो शालनवहिनी नाट्यगृहाच्या पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. अण्णा दारातून आले आणि कुणी काही न म्हणता पायऱ्या उतरले. वहिनींजवळ जाऊन ते काहीतरी बोलले. एक लांब वाक्य. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. वहिनींना कळला असावा, कारण त्या मोठ्याने हसू लागल्या. "आवं, पुरं!" म्हणत त्यांनी पदर तोंडावर धरला, तरी हसू थांबेना. अण्णा आणखी काहीतरी बोलले. तेव्हा हसता हसता त्यांचा तोल गेला आणि त्यांनी अण्णांचा खांदा धरून आपला सारा भार त्यावर टाकला. अण्णा हलले नाहीत. वहिनींचे हसून होईपर्यंत तसेच उभे राहिले.